तोंड चालू, धार चालू

कट्ट्यावर दोन गोष्टी रोज साचत्यात. शेण आन् किस्सं. शेण न्यायला मळ्यातनं माणूस येतोय. किस्सं न्यायला कोण येत न्हाई, ते माझ्याच डोस्क्यात पडून ऱ्हात्यात. आज गावलायसा तर ऐका.

कट्टा म्हंजी आमचा दूध कट्टा. सांच्याला आमी म्हशी घिऊन कोल्हापुरात येतो, वळीनं बांधतो, आन् गिऱ्हाईकाच्या म्होरंच ग्लासात धार मारतो. फेसासकट तिथंच उभं ऱ्हाऊन प्यायचं. माझी म्हस चंद्री. तिच्या एका अंगाला गफूरचाचा, कट्ट्यावरचा सगळ्यात जुना माणूस. दुसऱ्या अंगाला शंकऱ्या. त्यो आमच्याच गावचा, त्याचा गोठा माझ्या गोठ्याला लागून. आन् एक आधीच सांगतो. दोन कामं एकदम करणाऱ्या माणसावर माझा काडीचा इस्वास न्हाई. एका कामात आपल्याला गुतवायचं आन् दुसऱ्यात हात मारायचा, मला सगळं ठावं हाय!

*

गफूरचाचा धार काढताना ग्लासाकडं कवाच बगत न्हाई. तोंडात पान, मान गिऱ्हाईकाकडं, भाच्याच्या लग्नापास्नं फुटबॉलच्या म्याचपर्यंत गप्पा. ग्लास मातर काठोकाठ, एक थेंब भाईर न्हाई. मला कैक वर्सं वाटायचं, ह्यात कायतरी भानगड हाय. लई वाकून बगितलं. गावलं न्हाई काय.

एकदा शाहूपुरीतलं नवं जोडपं आलं. बाईनं मोबाईल काढला. "चाचा, व्हिडिओ काढते. जरा ग्लासाकडं बघून काढा की धार, भारी दिसेल."

चाचानं आयुष्यात पयल्यांदा ग्लासाकडं बगितलं. पयली धार नवऱ्याच्या बुटात! दुसरी दुसऱ्या बुटात!

चाचा म्हणला, "ताई, आता परत बगा म्हणू नगा. सायबांना बूट दोनच हाईत."

*

शंकऱ्याच्या कानात कायम ती पांढरी बोंडं. वायर न्हाई, काय न्हाई, धार काढतोय आन् एकटाच बोलतोय. एका सांजंला म्हणला, "व्हय व्हय, तुमचं बराबर हाय, मीच चुकलो."

गोठ्याच्या भिंतीवरनं आमचं चार वर्सांचं भांडान, त्याच्या तोंडातनं एवढं ऐकायसाठी मी चार वर्सं बसलोतो. खूश हून म्हणलं, "असूंदे रं, झालं गेलं."

त्यानं हात हलीवला. "तात्या, जरा गप बसा की! सासऱ्याशी बोलतोय."

आन् दुसऱ्या दिशी सासऱ्याशीच बोलत बोलत त्यानं ग्लास भरला, उचलला, आन् गिऱ्हाईकाच्या म्होरं सोताच पिऊन टाकला! गिऱ्हाईक बोंबललं, "ओ, ते माझं हुतं!" शंकऱ्या मिशा पुसत म्हणतोय, "चुकून झालं, पावणं."

चुकून म्हणं! चुकून माणूस एक घोट पितोय. अख्खा ग्लास चुकून कसा संपतोय? तवापास्नं त्याच्यावर माझा डोळा हाय.

*

मी असलं काय करत न्हाई. फोन न्हाई, पान न्हाई. मी धार काढताना फकस्त भांडतो.

शिवाजी पेठेतला एक गिऱ्हाईक. डोळ्याम्होरं धार पडतीया, आन् ह्यो इचारतोय, "पाणी तर न्हाई न्हवं?"

"पाणी? म्हशीच्या पोटात नळ बसीवलाय व्हय मी? वाकून बगा, कुठं चावी दिसती का!"

त्यो कायतरी सांगाय बगत हुता. मी सांगू दिलं तर की! माझं तोंड चालू, हात चालू. ग्लास भरला की त्याच्या हातात. दुसरा भरला की हातात. चौथ्याला त्यो पार काकुळतीला आला. "मामा, मला एकच पायजे हुता ओ!"

*

एक रिटायर मास्तर रोज येत्यात. एकदा मला म्हणले, "धोंडीबा, माणसाच्या मेंदूला दोन कामं एका वेळी जमत नाहीत. तो नुसत्या इकडून तिकडं उड्या मारतो. पण एखाद्या कामाची सवय झाली की त्याला डोकं लागत नाही. मग दुसरं काम जमतं."

मला लगीच वास आला. "म्हंजी मी डोकं वापरत न्हाई म्हणताय?"

"धार काढायला नाही लागत रे तुला."

"मग भांडायला लागतंय व्हय?"

पलीकडनं गफूरचाचा, "त्यालाबी न्हाई लागत!"

मास्तर हट्टाला पेटले. "बरं, शंभरापासून उलटं मोजत धार काढून दाखव." मी चालू केलं. शंभर, नव्व्याण्णव... अठ्ठ्याण्णवला हात थांबलं! मास्तर टाळ्या वाजवून म्हणत्यात, "बघ, ह्याला डोकं लागलं!"

चाचा म्हणला, "मास्तर, सुलटं लावून बगा. तितंबी थांबतोय त्यो."

*

मागं माझा घसा बसला. घोगरा हुत हुत आवाज निम्मा झाला. डॉक्टरनं आत नळी घालून बगितलं. "गाठ आलीय. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल."

माझी बायको शालन तितंच म्हणली, "डॉक्टर, तीनच का?"

आन् त्याच आठवड्यात चंद्रीचं दूध तुटलं. सकाळी घरी निम्मं, सांच्याला कट्ट्यावर त्याच्याबी निम्मं. जनावरांचा डॉक्टर म्हणला, म्हस ठणठणीत हाय. पेंड तीच, वैरण तीच. मग दूध जातंय कुठं? मला ठावं हुतं कुठं. भिंतीपलीकडं!

दोन दिस दुपारचा कडब्याआड दबा धरून बसलो. तिसऱ्या दिशी शंकऱ्या बादली घिऊन माझ्या गोठ्यात! कानात बोंडं हाईतच! भाईर येऊन त्याची गचांडी धरली, तोंड उघडलं, डॉक्टर आठवला, तोंड मिटलं. असं तीनदा झालं.

शंकऱ्या म्हणतोय, "तात्या, सोडा की! पाणी पाजाय आलोय. तुमी गप झाल्यापास्नं ती नीट पाणीबी पिईना."

बादलीत बगितलं. पाणी हुतं. पांढरं दिसतंय का म्हणून पिऊन बगितलं. पाणीच! तरीबी माझं मन म्हणंना की ह्यो साव हाय.

दुसरा आठवडा सरंस्तवर चंद्री पार तांब्याभर दुधावर आली. शालन म्हणली, "आवो, आटल्याली म्हस पोसायची कशी? इकून टाकूया." मी हाताला धरून हिला रेडकू असल्यापास्नं वाढीवलीया. आन् तोंडानं न्हाई म्हणायचीबी चोरी!

*

शालननं सांगावा धाडला, तसा म्हशींचा व्यापारी कट्ट्यावरच आला. म्हणला, "म्होरं धार काढून दावा. दूध असलं तर गोठ्यासाठी न्हेतो. आटली असली तर दुसऱ्या कामाला न्हेतो."

दुसरं काम म्हंजी काय ते कट्ट्यावर सगळ्यास्नी ठावं हाय.

मी बसलो. कास भरल्याली, पर सडातनं थेंब येईना. चंद्री मान वळवून माझ्या तोंडाकडं बगतीया. व्यापाऱ्यानं दावणीच्या दोरीला हात घातला.

शेजारी शंकऱ्या त्याच्या म्हशीखाली बसलाता. त्यानं कानातली दोन्ही बोंडं काढली, खिशात टाकली, परत हात सडाला लावलं. आन् माझ्या आवाजात वरडला, "पाणी? म्हशीच्या पोटात नळ बसीवलाय व्हय मी?"

चंद्रीनं कान टवकारलं.

"वाकून बगा, कुठं चावी दिसती का! दिसली तर तुमीच सोडा, मलाबी बगू द्या! आन् ह्यो शंकऱ्या! कानात बोंडं घालून बसतंय आन् लोकांचं ग्लास पितंय! चोर हाय, अट्टल चोर! माझा डोळा हाय म्हणावं त्याच्यावर!"

चार वर्सांतलं माझं एकूण एक बोलणं! एक शिवी इकडची तिकडं न्हाई! आन् त्याच्या सोताच्या म्हशीची धार? ती चालूच, ग्लास काठोकाठ.

चंद्रीनं पान्हा सोडला. पयला ग्लास भरला, फेस भाईर आला. दुसरा भरला. तिसरा भरला. शंकऱ्या थांबंना, माझं हात थांबंनात.

व्यापारी म्हणला, "आटली म्हणत हुतासा न्हवं?"

मी उठलो आन् त्याच्या हातातनं दोरी काढून घेतली. गफूरचाचा म्हणला, "पावणं, दूध प्या आन् जावा. म्हस इकायची न्हाई."

परत बसून चौथा भरला तवर शंकऱ्याचा घसा बसला. मी त्यो ग्लास त्याच्याकडं केला. त्यानं एका हातानं धार तशीच चालू ठिवली, दुसऱ्यानं ग्लास घेतला आन् एका दमात रिकामा केला.

मागनं गिऱ्हाईक बोंबललं, "ओ, ते माझं हुतं!"

शंकऱ्यानं मिशा पुसल्या आन् माझ्या तोंडाकडं बगितलं. डॉक्टरचं अजून सहा दिस ऱ्हायलं हुतं.