माह्या पासवर गेलेली शेवंता

हे मी अजून कोणापाशी बोलली नाई. नवऱ्यापाशी नाई, सख्ख्या बहिणीपाशी नाई. तुमी वळखीचे नाई म्हणूनच बोलता येऊन राह्यलं असंल. पण मले एकदम सांगता येत नाई — मी जराशी फिरून फिरून येईन त्या गोष्टीवर. तेवढं समजून घ्या.

माहं नाव कांता. गाव कारंजा तालुक्यात, धनजच्या अलीकडं. दिवाळी झाली का उन्हाळा लागेपर्यंत मी जिनिंगात जाते. मशीनीत कापूस सारत राहाचा, सरकी खाली पडते, रुई पुढं जाते. दिवसभर कापसाची भुकटी उडते, नाकातोंडात जाते. म्हणून आमी बाया डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यानं बांधून घेतो. फाटकावर पास दाखवाचा अन् आत जाचं. पासवर फोटो राहते, पण बांधलेल्या तोंडाचा अन् फोटोचा मेळ वॉचमन कसा घालंल? तिथूनच आमची बदली निघाली. जिले जमत नाई ती आपला पास दुसरीले देते. नणंद जाते, जाऊ जाते, शेजारीण जाते. मुकादमालेही माहीत. त्याले मशीनीवर हात पाहिजे, मंग कोणाचा का असंना. आमाले कोणालेच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

शेवंता माही शेजारीण. दोन्ही घरात एकच भिंत — इकडं भाकर थापली का तिकडं आवाज जाते. ती जिनिंगात नव्हती. वावरातलं निंदण-खुरपण कराची, अन् बाकीच्या वेळात वाकळा शिवाची. जुन्या लुगड्यायच्या वाकळा. टाका असा बारीक, का उलटी कोणती अन् सुलटी कोणती ते वळखू येत नव्हतं. बाळंतिणीसाठी लोक दुसऱ्या गावावरून तिच्याकडं लुगडे आणून टाकत. वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं — पाहा, तोंडातून निघून गेलं. असंच निघते, अन् मंग जीभ चावावी वाटते.

मशीनीले मात्र ती लय भ्याची. पिठाच्या गिरणीत गेली तरी पट्ट्यापासून चार हात लांब उभी राहे. मी हसत होती तिले. म्हणो, काय वं, गिरणी का तुले खाते?

त्या दिवशी म्या माहा पास तिले देला. काहून देला ते मागून सांगते. आधी हे सांगू द्या.

म्या तिले म्हणलं, नुसता कापूस सारत राहाचा, त्यात काही नाई. खरंच, एवढंच सांगतलं. कधी कधी मशीनीत कापूस गच्च बसते. तो हातानं वढाचा नाई, काडीनं काढाचा. माही एक बोरीची काडी होती, मशीनीच्या मागं खोसून ठेवेलली. माह्या हाताले तिची सवय झाली होती, म्हणून त्या काडीचं सांगणं माह्या ध्यानातच आलं नाई. रोज करतो ते काम दुसऱ्याले सांगाचं राहूनच जाते का नाई? दुपारच्या जेवणाआधी कापूस अडकला. शेवंतानं हात घातला. उजव्या हाताचे चार बोटं गेले. अंगठा तेवढा राह्यला.

मंग मुकादम घरी आला. दिवे लागले होते. दारातच उभा राहून म्हणे, "हजेरीच्या पटावर नाव तुहं अन् हात तिचा, कसं करतं आता? दुसऱ्याच्या पासवर बाई पाठवली म्हणून तुह्यावरच केस होईन. तू आज कामावर होती. शेवंता तुहा डबा द्याले आली होती, अन् मशीन पाह्यता पाह्यता तिनंच हात घातला. समजलं काय?"

मले समजलं. लवकर समजलं. तो मले धमकी देऊन राह्यला होता हे खरं आहे, पण मी त्याच्यामागं लपाले हे सांगून नाई राह्यली. धमकी देली तेवढ्यानं माह्या पोटातलं भेव जरासं कमी झालं होतं — कारण मले सांगाले गोष्ट सापडली होती. हे कोणाले सांगावं?

आठ-दहा दिवसानं चौकशीले सरकारी साहेब आले. मले बोलावलं. भला माणूस होता, खुर्ची देली. त्यानं विचारलं, "बाई, त्या वेळेस मशीनीवर कोण होतं?" म्या म्हणलं, "मी होती, साहेब. ती माहा डबा घेऊन आली होती." सही केली. पाच मिंट लागले असतीन. झालं. तेवढ्यानं शेवंता कामगार राह्यली नाई. जिथं तिचा हात गेला तिथं ती कामाले नव्हतीच. काम करता करता हातापायाले लागलं तं जी भरपाई भेटते, ती तिच्यासाठी नव्हतीच.

तिलेही विचारलं होतं. तिनं खरं सांगतलं नाई. आपल्या नवऱ्याले म्हणाली, कांतीवर बालंट नको, तिची रोजी जाईन.

तीन वर्षं झाले या गोष्टीले. मी रोज सकाळी तिची वेणी घालून देते. निऱ्या करून देते. भाकरी तिच्याही मीच टाकते. गावातल्या बाया म्हणतात, शेजारीण असावी तं कांतीसारखी. अन् मी काय करते माहीत आहे? मी मान खाली घालून हसते. घेते ते बोलणं. कोणी लुगडे घेऊन दारात आलं का शेवंता म्हणते, "आता नाई होत वं माय." बाई परत जाते. भिंतीपलीकडून मले सगळं ऐकू येते. तव्यावरली भाकर करपते कधी कधी.

औंदा विहारात शिबिर झालं. कामगार हापिसातली एक बाई आली होती, तरणीच होती, पण समजावून सांगे. आमी दोघी जवळजवळ बसलो होतो. ती म्हणाली, नाव पटावर नसलं म्हणून हक्क जात नाई. ज्यानं खरंच काम केलं अन् काम करता करता ज्याले लागलं, त्यानं मागावं. मुदत गेली असली तरी कारण सांगून अर्ज करता येते. तिथं काम करून राह्यला होता हे सांगणारं माणूस मात्र पाहिजे.

सांगणारं माणूस. ते माणूस तिच्या मांडीले मांडी लावून बसलं होतं. शेवंतानं माह्याकडं पाह्यलंही नाई. पदराखाली हात घेतला अन् समोर पाहत राह्यली. तिनं एकडाव पाह्यलं असतं, शिवी हासडली असती, तं बरं झालं असतं. घरी जाता जाता म्याच म्हणलं, "शेवंते, वाशीमले जाऊ, कामगार हापिसात. मी सांगते साहेबाले." तं ती रस्त्यातच रडाले लागली. म्हणे, "तुही रोजी जाईन नं वं." म्या म्हणलं, जाऊ दे. अन् मले त्या वक्ताले लय हलकं वाटलं. वाटलं, चाला, फिटलं.

आता ते राह्यलेलं. पास काहून देला ते.

माही बहीण मालेगावले राहते, आपल्या वाशीमकडच्या. तिच्या सुनेची ओटी भरणी होती. मले जाचं होतं, बस्स. नवीन लुगडं होतं, ते नेसाचं होतं. पण बिनपगारी खाडा केला तं मुकादम दुसरी बाई लावते. बदली कोण? बाकी साऱ्या बाया आपापल्या मशीनीवर. राह्यली शेवंता. अन् मले पक्कं माहीत होतं — ओटी भरणीसाठी ती मशीनीवर जाणार नाई. मेली तरी नाई जाणार. पण माह्या दुखण्यापायी जाईन.

म्हणून म्या तिले सांगतलं का मले ताप आहे.

सकाळी ती आली तवा मी चुलीजवळ बसली होती, जाळ लावून, डोक्यावरून पदर घेऊन. मुद्दामच बसली होती. तिनं माह्या कपाळावर हात ठेवला. चुलीपाशी बसल्यावर कपाळ गरम लागन नाई तं काय? तिनं तो हात ठेवला, उजवा. पाचही बोटं होते. म्हणे, "माय माय, भाजते नं वं अंग. तू पडून राह्य, मी जाते." पास घेतला, माह्याच दुपट्ट्यानं तोंड बांधलं अन् गेली. म्या तिले जाताना पाह्यलं. मंग उठली, लुगडं नेसली, मोटार पकडली. मालेगावात पुरणपोळी खाल्ली. गाणे म्हणले. ज्या घटकेले तिकडं तिचा हात गेला, त्या घटकेले मी बहुतेक हसतच असीन.

दवाखान्यात तिले पाह्याले गेली तं तिचा पहिला शब्द — "तुहा ताप उतरला काय वं?" म्या म्हणलं, उतरला.

गेल्या महिन्यात आमी दोघी वाशीमले गेलो. म्या साहेबापुढं सारं सांगतलं. मी त्या दिवशी कामावर नव्हती, ही होती, माह्या पासवर होती, आधीची सही खोटी आहे. साहेब लिहून घेत होते. अर्जही घेतला. मंग त्यायनं मान वर करून सहज विचारलं, "पण बाई, तुमी त्या दिवशी कामाले काहून नाई गेल्या?"

काय बिघडत होतं सांगाले? त्या अर्जाले त्यानं काही फरक पडणार नव्हता. भरपाई काही अडणार नव्हती. पण शेवंता बाजूच्याच खुर्चीवर होती.

म्या म्हणलं, "ताप होता, साहेब."

साहेबानं तिच्याकडं पाह्यलं. ती लगेच पुढं सरकली, अन् मोठ्यानं, हापिसात साऱ्यायले ऐकू जाईन अशी म्हणाली, "होता नं, साहेब. लय ताप होता तिले. म्या सोता हात लावून पाह्यलं."

साहेबानं तेही लिहून घेतलं. म्या खाली सही केली.