रस्त्यावरची मेंढरं

भोरहून शाळेकडे चालत निघालो होतो, तेव्हा एका ट्रकवाल्याने मला गाडीत घेतलं. मालकाच्या घाईपायी तो तीन दिवस झोपला नव्हता. जागं राहायला गोळ्या खायचा. "पैली गोळी मालकासाठी खाल्ली, गुरुजी. आता सुट्टीलाबी लागती," तो हसत म्हणाला.

उत्रोलीजवळ भर उन्हात त्याने करकचून ब्रेक दाबला. "मेंढरं जाऊ द्या."

रस्ता मोकळा होता. माझी तंतरली. तरी म्हटलं, "कळप लई मोठा आहे. तोवर जरा डोळे मिटा."

तो स्टिअरिंगवरच घोरू लागला. माझी शाळा बुडाली.

दुपारी जागा होऊन त्याने हळूच विचारलं, "मेंढरं न्हवतीच ना?"

"नव्हती."

तो खूप ओशाळला, आणि सवयीने त्याचा हात खिशातल्या गोळ्यांच्या पुडीकडे गेला.