सतराने भाग जातो

मारेगावहून नाझियाचा फोन आला, "सर, अब्बा गेले," तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नक्की?" लेकीला बापाच्या मरणाची खात्री विचारणारा मी… पण ही खोड मला तिच्या वडिलांनीच लावली होती. रशीदभाई पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करत. तारेचे वेढे मोजायला यंत्रावर काटा होता, तरी ते तोंडानं मोजत. "काटा बी खोटं बोलते," म्हणत. दुधवाला, हवामानाचा अंदाज, माझं गणित… सगळ्यांवर सारखाच संशय.

मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचो. एकदा शाळेच्या भिंतीवर मी संख्यांची उतरंड रंगवून घेतली. ३१, ३३१, ३३३१… दर वेळी एक तीन वाढवायचा. साऱ्या मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. पहिल्या सात मी पुस्तकातून घेतल्या होत्या. आठवी, ३३३३३३३३१, माझ्याच भरवशावर घातली. शाळेची मोटर बसवायला आलेले रशीदभाई तिच्यासमोर थबकले.

"सर, ह्या शेवटच्या आकड्याले भागून पाह्यलं काय?"

"सात खऱ्या निघाल्या, रशीदभाई. आठवी कशी खोटी निघेल?"

"सात खेप खरं बोलणाराच आठव्या खेपेले फसवते."

दुसऱ्या दिवशी ते बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. त्यावर पेनाने भागाकार मांडले होते. तीन, सात, अकरा, तेरा… प्रत्येकाला बाकी उरत होती. सतराला उरली नव्हती. उत्तर १,९६,०७,८४३. सगळे शिक्षक बघत होते. मी म्हणालो, "मोबाइलवर पाहिलं असेल." रशीदभाई पुठ्ठा टेबलावर ठेवून निघून गेले.

घरी मी भागाकार केला. दोन मिनिटं लागली. पुठ्ठ्यावर तर एके ठिकाणी हातचा चुकून खोडलेला, मग सुधारलेला… मोबाइलवरून उतरवणारा माणूस असं कशाला खोडेल? मी भिंतीवरची ती ओळ पुसून घेतली, पण त्यांना काही बोललो नाही. उलट दोन वर्षं त्यांच्या दुकानाचा रस्ता टाळला.

मग कळलं, ते यवतमाळला दवाखान्यात आहेत. गेलो. नाझियानं बाहेरच गाठून सांगितलं, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, अब्बांना कळू देऊ नका. मी खाटेशी बसलो. "रशीदभाई, ते सतराचं तुम्हीच काढलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं… माफ करा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता कायले सांगून राह्यले, सर? डाक्टरनं तुमाले काही सांगितलं काय?"

"नाही हो…"

बराच वेळ ते माझा चेहरा तपासत राहिले. मग डोळे मिटून घेतले.

परवा चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला गेलो, तेव्हा नाझिया म्हणाली, "सर, तुम्ही गेल्यावर अब्बा म्हणाले, डाक्टरनं सरले सांगितलं हाय, सर खोटं बोलले." मी मान खाली घातली. "मी विचारलं, मंग ते सतराचं बोलले, तेबी खोटं काय? तं म्हणाले… त्याच्यात मले डाऊट नाही."