आईचा फ्रान्सचा अध्यक्ष

आई नागपूरहून माझ्याकडे ऑस्ट्रेलियातल्या गुंगालिनला आली ती ऐन जूनमध्ये. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. दोन आठवड्यांत तिने माझं कपाट तीनदा लावलं. मग मी तिचं नाव लायब्ररीतल्या इंग्लिश संभाषण वर्गात घातलं. दर बुधवारी सकाळी दहा ते बारा.

तिसऱ्या बुधवारी वर्गाच्या बाईंनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक देश. त्या देशाच्या एखाद्या प्रमुखाविषयी पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं बोलायचं. आईला फ्रान्स आला.

"भारत आला असता तर झोपेतही बोलले असते," ती कुरकुरली. पण संध्याकाळी पाहते तर माझ्या लॅपटॉपसमोर चष्मा लावून बसलेली. जुन्या काळातला एक राष्ट्राध्यक्ष तिने निवडला होता.

"लहान गावातला माणूस गं. मग खासदार, मग मंत्री. राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला!"

"मग?"

"तिसऱ्यांदा आला निवडून. तोपर्यंत केस पिकले होते."

त्यांच्याकडे मतदान दोन फेऱ्यांत होतं, हे तिला फार आवडलं. डायनिंग टेबलावर शेंगदाण्यांचे ढीग करून तिने मला ते समजावलं. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाले नाहीत, की पहिले दोन ढीग ठेवायचे आणि सगळ्यांनी पुन्हा मत द्यायचं. समजावता समजावता तिसरा ढीग मी खाऊन टाकला.

"तुला माहीत नसेल," ती एकदम म्हणाली, "मी शिक्षक संघटनेच्या निवडणुकीला उभी होते. तू तेव्हा दुसरीत होतीस. पडले. तुझे बाबा म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पण मला लाज वाटली. पुन्हा फॉर्मच भरला नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. मी उठून चहा टाकला.

भाषणाच्या दिवशी मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. आई सुरुवातीला अडखळली. 'पराभव' या शब्दाला इंग्लिश शब्दच आठवेना, तेव्हा तिने सरळ टेबलावर हात आडवा केला आणि म्हणाली, "ही फॉल. अगेन ही फॉल." सगळे हसले, तीही हसली, आणि मग गाडी सुटली ती थांबेचना. पाचाची बारा मिनिटं झाली.

टाळ्या संपल्यावर चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. ते बाईंचे यजमान, बिस्किटांचे डबे उचलायला आलेले. मूळचे फ्रान्सचे, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

"मॅडम, मी तिन्ही वेळा त्याच्या विरोधात मत दिलं," ते गंभीरपणे म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला.

आईने क्षणभर विचार केला. "मग दोनदा तुम्ही जिंकलात," ती तिच्या इंग्लिशमध्ये म्हणाली. "तिसऱ्यांदा तो. नो वरीज."

गृहस्थ इतके हसले की त्यांना खोकला आला. पुढचा अर्धा तास दोघं भांडत होती: त्याने निवडून आल्यावर काय केलं, काय करायला हवं होतं. त्यांचं इंग्लिश फ्रेंच वळणाचं, हिचं नागपुरी. मध्ये दोघांनाही शब्द सापडला नाही की हातवारे. बाई कप विसळत मला म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्याशी एवढं राजकारण नाही बोलला हा."

स्टॉपवर ट्रॅमची वाट बघताना आईचं नाक थंडीने लाल झालं होतं. हात माझ्या जॅकेटच्या खिशात घालून ती म्हणाली, "त्यांचे काही मुद्दे चुकीचे होते हं. पुढच्या बुधवारी सांगते त्यांना."