कापलेली ओळ आणि पास्कलकाकांचा फोटो

मंडळी, डोकं इतकं फिरलंय की इथे ओकल्याशिवाय आज जेवण जाणार नाही.

सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणं हे माझं काम. आमचं एक टूल फाइलींची नावं बदलतं. ते माणूस नाही, एआय एजंट चालवतो, माझ्या सूचना वाचून. त्यात मी स्पष्ट लिहिलं होतं, "त्याच नावाची फाइल आधीच असेल तर थांब, माणसाला विचार." आमच्या ऑफिसातल्या सरांनी ती ओळ कापली. "एजंटला एवढं कशाला वाचायला लावतेस? शॉर्ट ठेव."

वसईतल्या होळी भागात माझ्या मैत्रिणीचा, ग्लोरियाचा फोटो स्टुडिओ आहे. तिने तेच टूल घेतलं. गावात एका नावाची चार माणसं, म्हणून फोटोंना घराची ओळखही लावतात: पास्कल विहीरवाले, पास्कल वखारवाले. एजंटने ती फालतू समजून उडवली. दोघंही नुसते पास्कल झाले आणि एकाच्या फोटोवर दुसऱ्याचा फोटो सेव्ह झाला.

आज मी स्टुडिओतच होते. विहीरवाल्या जसिंतामावशी, नवऱ्याला जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सासाठी, त्याचा फोटो न्यायला आल्या. घरातला मूळ फोटो भिजून कधीच गेलेला. स्क्रीनकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "हा माझा पास्कल नाय."

तिथूनच सरांना फोन लावला. म्हणे, स्टुडिओवाल्यांना बॅकअप ठेवायला काय झालं होतं? आणि वर, मावशींना माफीचे चार शब्द तूच लिहून दे. शॉर्ट ठेव.

सांगा, किती शॉर्ट ठेवू?