तियो इस्कोचं बाकडं

जहाजावर तीस-तीस माणसांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या भंडाऱ्याला घरात एका बाईच्या पोटात चार घास घालता येऊ नयेत, याचा उल्हास मयेकरला आधी राग आला आणि मग भीती वाटली. राग स्वतःच्या हातांचा. याच हातांचं कोळंबीचं कालवण खायला ग्रीक कप्तान आपलं टेबल सोडून गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, येऊन उभे राहिले होते. भीतीचं कारण मात्र रॉटरडॅमजवळच्या झूटरमेरच्या डॉक्टरबाईंनी दिलं होतं. इथे प्रत्येकाला घरचा डॉक्टर असतो, हाउसआर्ट्स. त्यांची हाउसआर्ट्स पोरगेलीशी होती, पण बोलायला रोखठोक.

"मेनेर मयेकर, त्या जेवतायत तोवर घरीच ठेवा. जेवण थांबलं, की मग आपल्याला नर्सिंग होमचं बोलावं लागेल."

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या मिलाग्रोसबाई, म्हणजे उल्हासची बायको मिला, शेजारच्याच खुर्चीत बसून पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. फिलिपिन्सच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून ही बाई नर्स म्हणून रॉटरडॅमला आली. उल्हास हर्णैचा. रॉटरडॅमला जहाज लागलं असताना खलाशांच्या क्लबात नाताळचं जेवण त्याने रांधलं आणि मिलाने तीनदा वाढून घेतलं. पुढे बोट गेली, उल्हास राहिला. खमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हॉलमध्ये सह्या करून लग्न झालं. हर्णैला कळलं तेव्हा आईने जेवण टाकलं म्हणतात, पण चौथ्या दिवशी जेवली.

मिलाचा विसरण्याचा आजार आला तो उलट पावलांनी आला. आधी डच गेली, मग इंग्रजी गेली, मग मुलीचं नाव. उरली ती तिची लहानपणची तागालोग. उल्हासला ती येत होती, जहाजावरची का होईना. अर्धे खलाशी तिकडचेच असायचे आणि गॅलीत शिव्यांपासून पाककृतींपर्यंत सगळं त्याच भाषेत चालायचं. तेवढ्यावर संसाराचं उरलेलं बोलणं भागत होतं. पण तिने तोंड मिटलं की कुठल्याच भाषेचा उपयोग नसे. चमचा ओठांशी नेला की ती मान फिरवायची, आणि आमटी गळ्याखाली जाण्याऐवजी गळ्यावरून जायची.

तोडगा निघाला तो एका दुपारी, आपोआप. बाहेर महिनाभराचा पाऊस लागलेला, म्हणून उल्हासने पॅसेजमध्ये दोरी बांधून कपडे चिमट्यांनी टांगले होते. मिला बूट घालायच्या बुटक्या बाकड्यावर जाऊन बसली, वर बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "तियो इस्को, नवा अंक आला का?"

उल्हासच्या हातातली ताटली तशीच राहिली. तियो इस्को कोण, हे त्याला ठाऊक होतं. तियो म्हणजे काका. मिलाच्या गावी हा काका दुकानापुढे दोरी बांधून चित्रकथांची मासिकं चिमट्यांनी टांगायचा. विकत घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. भाडं द्यायचं, त्याच्याच बाकड्यावर बसून वाचायचं आणि अंक परत टांगायचा. घरी न्यायची सोय नाही. दोन्ही खांद्यांवरून दोन फुकटे वाचायचे आणि पान उलटायला उशीर झाला की तियो ओरडायचा. मिलाची आवडती गोष्ट होती इस्यांग नावाच्या मुलीची. एका चेटकिणीने तिची सावली चोरलेली असते आणि ती सावली शोधत ती गावोगाव हिंडते. दर अंकात चार पानं. चौथ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत इस्यांग हमखास कुठल्या तरी संकटात लटकलेली.

"आला की," उल्हास म्हणाला. "बस. आता वाचतो."

आणि एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा धरून त्याने मनाला येईल ते सुरू केलं. इस्यांग एका बंदरात पोचते. तिथे मासळीचा लिलाव चाललेला असतो. मिलाने त्याच्याकडे तोंड वळवलं. ते तोंड उघडं होतं.

तेव्हापासून एक चौकट, एक घास, असा धंदा बसला. उल्हास काही लेखक नव्हता. त्याने आपलं हर्णैच गोष्टीत ओतलं. समुद्रातला किल्ला आला, लिलाव करणाऱ्या बायका आल्या, त्याची एक खाष्ट आत्या चेटकीण म्हणून आली. वाटी संपत आली की इस्यांगला विहिरीत लोंबकळत ठेवून तो उठायचा. "बाकीचं पुढच्या अंकात." मिला रागाने बघायची, पण दुसऱ्या दुपारी आपली आपण बाकड्यावर हजर. डॉक्टरबाईंनी वजन बघितलं आणि विचारलं, "काय करता तुम्ही?" उल्हास म्हणाला, "स्वयंपाक." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

पण एक गोष्ट त्याला आतून खात होती, आणि त्यात चूक काय? जेवत होती ती तियो इस्कोच्या हातून. इतक्या वर्षांचा नवरा त्या घरात आता कुणीच नव्हता. एकदा त्याने गोष्ट मध्येच थांबवून विचारलं, "मिला, मी कोण?" तिने जरा विचार करून सांगितलं, "तियो, थट्टा नको, पान उलट." तो उठून बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून रडला. मग परत येऊन त्याने पान उलटलं.

याच दुखण्यातून त्याला सिनेमा आठवला. तिकडे तेव्हा तऱ्हाच अशी होती की मासिकातली गोष्ट गाजू लागली की सिनेमावाले ती उचलत, आणि इकडे निम्मे अंक छापायचे असतानाच तिकडे सिनेमा पडद्यावर येई. शेवट ते आपल्या मनाने लावून मोकळे होत. इस्यांगचाही सिनेमा निघाला होता, काळापांढरा. मिलाने तो बापाबरोबर पाहिला होता आणि त्या दिवसाची गोष्ट ती लग्नानंतर दर नाताळात सांगायची. नवऱ्यांची ऐकायची एक पद्धत असते, गोष्ट ऐकायची आणि मुद्दा सोडायचा. उल्हासने तेवढंच लक्षात ठेवलं होतं, की मिलाने हा सिनेमा पाहिला आणि तिला तो फार आवडला. तिच्या आवडीचं चित्र, तिच्या भाषेतलं, आपण तिच्या शेजारी हात धरून बसलेलो. एखाद्या वेळी ओळखेल, असं त्याला वाटलं. आशेला काय, भाडं पडत नाही.

फिलिपिन्समधल्या इलोइलोत राहणाऱ्या एका जुन्या जहाजसोबत्याला त्याने मेसेज केला. तिकडचे बहुतेक जुने सिनेमे उष्म्याने आणि हेळसांडीने कुजून गेले, आशा ठेवू नकोस, असं आधी उत्तर आलं. मग काही आठवड्यांनी लिंक आली. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून ठेवलेली प्रत, वर उभ्या रेघा, आवाज डब्यातून आल्यासारखा. उल्हासने मिलाला ठेवणीतला झगा घातला, पडदे ओढले आणि टीव्ही लावला.

मिला हरखून गेली, हे खोटं नाही. जिची सावली चोरली ती मुलगी भर बाजारातून चालली होती आणि तिच्या पुढे चांगली लांबलचक सावली चालली होती. मिला बोट दाखवून खदखदून हसली. कित्येक संवाद ती नटीच्या आधी बोलली. उल्हासने तिचा हात धरला आणि तिने तो सोडवून घेतला नाही. शेवटाकडे इस्यांगला सावली परत मिळाली, जमीनदाराच्या मुलाशी लग्न लागलं, घंटा वाजल्या आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'वाकास'. समाप्त.

मिलाने टाळ्या वाजवल्या. झगा सारखा केला. मग उठून उल्हासला म्हणाली, "छान होतं हं. दार कुठल्या बाजूला?" खेळ सुटला होता आणि ती थेटरवाल्याला विचारत होती.

दुसऱ्या दुपारी ती बाकड्यावर आली नाही. उल्हास ताटली घेऊन खुर्चीपाशी गेला. "मग इस्यांग त्या विहिरीतून..."

"संपली ती," मिला म्हणाली, आणि तोंड मिटलं.

तेव्हा कुठे त्याला नाताळातल्या गोष्टीचा मुद्दा आठवला. शेवट जवळ आला तशी छोटी मिला डोळे गच्च मिटून, कानांत बोटं घालून थेटराबाहेर पळाली होती आणि शेंगदाणेवाल्यापाशी उभी राहिली होती. बाप हसत बाहेर आला तेव्हा तिने त्याला बजावलं, एक शब्द सांगायचा नाही. शेवट कळला तर बाकड्यावर कशाला जायचं? पुढे वादळात तियो इस्कोचं दुकान गेलं, तिच्या घरचे मनिलाला गेले आणि उरलेले अंक तिने कधी वाचले नाहीत. वाचले नाहीत म्हणूनच इस्यांग तिच्या डोक्यात इतकी वर्षं हिंडत होती. आणि उल्हासने सोफ्यावर बसवून, हात धरून तिला शेवट दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

त्याने खूप समजावलं. सिनेमावाल्यांचा शेवट खोटा, मासिक अजून चालू आहे, नवा अंक आज सकाळीच आलाय. दोरी बांधली, कपडे टांगले, चिमटे लावले. मिला शांतपणे म्हणाली, "मी पाहिलं ना. सावली मिळाली." दिवस जात राहिले. ती पाणी प्यायची, कधी केळ्याचा तुकडा. मग एका सकाळी ती पलंगाच्या कडेवरून उठू शकली नाही आणि तिला इस्पितळात सलाइन लावावं लागलं.

हार्लेमहून मुलगी आली. ऋताला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच.

"पप्पा, यू आर सेव्हन्टी-थ्री. यू कान्ट डू धिस."

"करायचं काय आहे त्यात? भरवायचंच तर आहे."

"शी इजन्ट ईटिंग! अँड शी डझन्ट इव्हन नो यू."

"ओळखत नाही म्हणून मी लागत नाही का तिला?"

ऋताने बापाचे हात हातात घेतले. ते वाळून काटक्या झाले होते, आणि ते दोघांनाही दिसलं. नर्सिंग होमच्या अर्जावर सही उल्हासने केली. झूटरमेरच्या नर्सिंग होममध्ये जागा झाली की कळवू, असं सांगण्यात आलं. सही करताना त्याला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या वाटण्याची त्याला शिसारी आली.

मिला घरी परतली. जागा व्हायची होती, आणि तोवर काहीतरी पोटात जायला हवं होतं. उल्हासकडे गोष्ट उरली नव्हती. मग एका दुपारी पेज ढवळता ढवळता तो म्हणाला, "नवी सुरू झालीय. एका नर्सची."

"कुठली नर्स?"

"समुद्राकाठच्या गावातली. बोटीएवढ्या मोठ्या इस्पितळात कामाला येते, थंड देशात. तिथे कुणी तिच्याशी बोलत नाही. मग नाताळला तिला एक भंडारी भेटतो."

"दिसायला कसा?"

"बरा," उल्हास म्हणाला, आणि चमचा पुढे केला. तिने तो घेतला.

असं त्याने सगळं सांगितलं. खमेंतेतलं लग्न, पहिली भाड्याची खोली, रात्रपाळ्या, मुलगी झाली तेव्हाचा बर्फ. मिला वाचक मोठी चोखंदळ. मध्येच म्हणाली, "तो तिला आपल्या आईकडे का नेत नाही?" बायको म्हणून हे तिने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. उल्हास म्हणाला, "भित्रा आहे." ती म्हणाली, "ते दिसतंच आहे," आणि घास मागितला. तिच्या गालांवर परत जरा रंग आला. उल्हासने ऋताला फोन करून सांगितलं, जेवतेय ती. ऋता म्हणाली, "दॅट्स गुड, पप्पा," आणि मग हळूच म्हणाली, की जागा झालीय. सोमवारी. नाही म्हटलं तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.

उल्हासने नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याची पाठ दुखत होती, कित्येक महिन्यांत तो सलग झोपला नव्हता. तो म्हणाला, "बरं."

सोमवारी त्याने मऊ भात केला, वर तूप आणि मेतकूट. दाराशी बॅग भरून ठेवली होती. मिला बाकड्यावर येऊन बसली. गोष्ट आजारपणापर्यंत आली होती. नर्सला आता काही आठवत नाही, भंडारी म्हातारा झालाय, तो तिला रोज भरवतो.

"मग?" मिला म्हणाली.

उल्हासला पुढचं पान माहीत होतं, पण ते वाचवेना. चमचा हवेत राहिला. मिलाने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "तो तिला सोडून देतो का?"

तिने तोंड घट्ट मिटलं होतं. उत्तर मिळाल्याशिवाय ती ते उघडणार नव्हती.

"नाही," उल्हास म्हणाला. "कधीच नाही."

मिलाने तोंड उघडलं. खाली ऋताच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि उल्हास उरलेला भात भराभर भरवू लागला.