नख अडकता कामा नये

गिरणी बंद पडली आणि माझे वडील वर्ष-दीड वर्ष दहिसरच्या चाळीच्या गॅलरीत नुसते बसून राहिले. ते घडी खात्यात होते. घडी घातलेल्या कापडावर गिरणीची सोनेरी छाप बसवायची, एवढंच त्यांचं उभ्या जन्माचं काम. गिरणीचा विषय निघाला की ते चपला घालून खाली जात, म्हणून घरात तो कोणी काढत नसे.

स्टेशनजवळचा एक दुकानदार जुन्या सायकली नव्याने रंगवून विकायचा. त्याचा रंगारी गावी गेला तो परतलाच नाही. वडील आपणहून त्याच्याकडे गेले, हेच मला नवल वाटलं. त्याने एक गंजकी फ्रेम आणि सायकलच्या नावाच्या छापांचा एक संच हातात ठेवला. म्हणाला, "काका, ही झकास झाली तर काम तुमचं. छापा जपा हां, आता मिळत नाहीत त्या."

मी तेव्हा चारकोपला टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मला ही नसती उठाठेव वाटली. वडलांनी मात्र फ्रेम घासून, अस्तर देऊन बाटलीहिरवी रंगवली. छापा ताटलीतल्या पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवल्या आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत बसवल्या. एकही सुरकुती नव्हती.

खरी परीक्षा पुढे होती. छापेवर लॅकरचं पारदर्शक रोगण मारलं नाही तर अक्षरं चार दिवसांत पुसली जातात. एकदम भरपूर मारलं तर ती विरघळून गोळा होतात. वडलांनी त्यासाठी ढेकूण मारायचा नवाकोरा पंप आणला आणि त्यात पातळ केलेलं लॅकर भरलं. "आधी नुसतं दव पाडायचं," ते म्हणाले. "ते सुकलं की पुन्हा दव. ओला हात सगळ्यात शेवटी." शेजारच्यांनी विचारलंच, सायकलीला ढेकूण झालेत काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फ्रेम तारेने गॅलरीत टांगली. सीटखालच्या छोट्या छापेवर पहिला फवारा पडला आणि लॅकर जागोजागी मागे सरलं. बारीक बारीक गोल भोकं दिसू लागली, बांगडा माशाच्या डोळ्यांसारखी. वडलांनी पंप खाली ठेवला.

"हात कोणी लावल्यान हेका?"

आई दारातच होती. "माका वाटला गंज चढात. म्हणान वायच खोबरेल लावलंय."

आमच्याकडे खोबरेल केसांना, विळीला, शिवणयंत्राला, दाराच्या कडीला, सगळ्यालाच लागे. जे जपायचं त्याला आईचा तेलाचा हात लागायचाच. पण मी भडकले. "वाट लावलीस ना गं सगळ्याची," मी म्हटलं. आज आठवलं तरी लाज वाटते. त्या दिवसांत आमटीत मीठ कमी पडलं तरी वडील ताट सारायचे, म्हणून मी आता काय होतंय ते बघत राहिले. ते उकिडवे बसून फ्रेमकडे पाहत होते.

"तुज्या शालूचे रिठे आसत गो?" त्यांनी विचारलं.

रिठ्याचं पाणी आलं. आईने जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्याने फ्रेम टिपली, वडील शेजारी बसून हलकेच सांगत होते, घासू नको, टेकव आणि उचल. सगळं सुकल्यावर त्यांनी पंप पुन्हा हातात घेतला. फवारा फ्रेमच्या अलीकडे सुरू करायचे, पलीकडे जाऊन थांबवायचे, आणि मधे श्वास घ्यायचे नाहीत. या वेळी दव टिकलं. मी ऊन उतरेपर्यंत तिथेच उभी होते. इतकी वर्षं या माणसाचा हात काय करत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दोन दिवसांनी, मी कामावरून येते तोच, दुकानदार आला. फ्रेम बघून खूश झाला. वडलांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख प्रत्येक अक्षराच्या कडेवरून फिरवलं. सीटखालच्या छापेवर, डोळे पडले होते तिथे, नख अडकलं.

"चालेल हो काका, एवढं कोण बघतंय?"

"चालेल म्हणून आमच्या खात्यातून कधी माल बाहेर गेला नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी फ्रेम परत तारेला टांगली.

आमच्या खात्यातून. आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं हे काम. दुकानदार जिना उतरला. थोड्या वेळाने तो परत आला, तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांना एकेक फ्रेम होती. "ह्या पण ठेवा," तो म्हणाला. "घाई नाही."

संध्याकाळी आई वेणी घालायला खोबरेलची बाटली घेऊन नेहमीसारखी गॅलरीत यायला निघाली. वडलांनी मान वर न करता तिला अडवलं.

"ती बाटली खात्यात हाडू नको."

आई उंबऱ्यावरच बसली आणि तिने तिथेच वेणी घातली.